ऑटिझम आणि अठरावं वर्ष: कागद, माणसं आणि रोजचा आधार कोणत्या क्रमाने उभा करायचा

शाळा चालू असते तोवर ऑटिस्टिक मुलाच्या आठवड्याला आपोआप एक आकार असतो. थेरपीचे वार ठरलेले, बाई ओळखीच्या, सुट्ट्यांचं वेळापत्रक आधीच हातात. अठरावं लागलं की हे सगळं जवळपास एकाच वर्षात सुटतं. बालरोगतज्ज्ञ मोठ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतात, शाळा संपते, बँकेत आईची सही चालेनाशी होते, कारण कायद्याने मूल आता सज्ञान झालेलं असतं. पुढच्या आयुष्यासाठी कायदे आणि योजना आहेत, संस्थाही आहेत, पण त्या वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेल्या आहेत आणि एका खिडकीवरचा कागद दुसरीवर मागितला जातो. क्रम चुकला की तीच फाइल घेऊन तीन-तीनदा हेलपाटे पडतात.

हा लेख महाराष्ट्रातली कुटुंबं आणि स्वतःसाठी मदत शोधणाऱ्या ऑटिस्टिक प्रौढ व्यक्ती, अशा दोघांसाठी आहे. शक्य असेल तर सुरुवात पंधराव्या-सोळाव्या वर्षी करावी. वय पंचवीस किंवा चाळीस असलं तरी क्रम हाच.

पहिलं काम: एक पान

कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी त्या व्यक्तीबद्दल एक पान लिहून काढा. वैद्यकीय इतिहास नको, तो वेगळ्या फाइलीत राहू द्या. या पानावर फक्त रोजचं जगणं असावं. अनोळखी डॉक्टर, कॉलेजचे सर, नोकरीतला सुपरवायझर, आजारपणात घरी राहायला आलेली मावशी, असं कुणीही ते दोन मिनिटांत वाचून वागायला सुरुवात करू शकेल, इतकं ते नेमकं हवं.

'थोडा हट्टी आहे, पण प्रेमळ आहे' अशा वाक्यांचा कुणालाच उपयोग होत नाही. उपयोगी पान असं दिसतं: 'एका वेळी एकच सूचना द्या. उत्तराला दहा सेकंद थांबा, मध्ये प्रश्न पुन्हा विचारू नका. विचारलात तर तो पहिल्यापासून विचार करायला लागतो. मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी आणि लहान बाळाचं रडणं सहन होत नाही. अस्वस्थ होत असल्याची पहिली खूण म्हणजे उजव्या कानावर हात आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा. त्या वेळी बोलणं थांबवा, दिवा मंद करा, हात धरू नका. वीस मिनिटांत तो स्वतः शांत होतो. दुखत असलं तरी सांगत नाही. अंगठ्याने गाल दाबत असेल तर दात बघा.'

पानाच्या खाली औषधांची नावं, डोस आणि वेळा, अॅलर्जी, फिट्स येत असतील तर त्याची नोंद आणि दोन फोन नंबर. व्यक्ती लिहू-बोलू शकत असेल तर पान तिनेच लिहावं किंवा निदान वाचून मान्य करावं. दर सहा महिन्यांनी बघा, कारण पौगंडावस्थेत खुणा बदलतात. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे पान लागणार आहे, म्हणून ते आधी.

निदान: जुने कागद असतील तर, नसतील तर

लहानपणी निदान झालं असेल तर पहिला अहवाल शोधा, मग तो कितीही जुना असो. निदान करणाऱ्याचं नाव, तारीख आणि वापरलेली चाचणी ज्यावर आहे तोच अहवाल पुढे ग्राह्य धरला जातो. नुसतं 'ऑटिस्टिक फीचर्स' लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन कमी पडतं. तसंच असेल तर सोळाच्या आसपास मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडून नवं, पूर्ण मूल्यमापन करून घ्या.

मोठेपणी पहिल्यांदाच शंका आली असेल तर वाट थोडी वेगळी आहे. इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या, उदाहरणार्थ पन्नास प्रश्नांची एक्यू, ही चाळणी आहे. तिच्यात गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही आणि कमी आले म्हणजे शंका मिटली असंही नाही. सामाजिक भीती, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांतही काही उत्तरं सारखीच येतात. शिवाय वर्षानुवर्षं इतरांचं बघून वागायला शिकलेली माणसं, त्यात मुली आणि बायका विशेष, वरून सहज दिसतात, पण घरी येऊन पार थकून पडतात.

डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी न्या. पहिली, बालपणाचा पुरावा: शाळेची प्रगतिपुस्तकं आणि त्यातले शेरे, जुने व्हिडिओ, आई किंवा मोठ्या भावंडाला सोबत येता आलं तर उत्तम. ऑटिझमची लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, म्हणून तज्ज्ञ तिकडेच खोदतात. दुसरी, आजच्या अडचणींची लिखित यादी, उदाहरणांसह. 'लोकांत मिसळत नाही' लिहिण्यापेक्षा 'मीटिंगमध्ये दोघे एकदम बोलले की एकाचंही कळत नाही, नंतर मेल मागवावी लागते' हे लिहा. तिसरी, निदान कशासाठी हवंय ते. स्वतःला समजून घ्यायला, नोकरीत सोय मागायला की सरकारी प्रमाणपत्राला, यावर अहवाल किती तपशिलाचा लागेल ते ठरतं.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर एकच प्रश्न विचारा: 'प्रौढांच्या ऑटिझमचं मूल्यमापन करता का आणि त्यात काय-काय असतं?' पंधरा मिनिटांच्या एका भेटीत 'तुम्ही नजरेला नजर देता, लग्न झालंय, म्हणजे ऑटिझम नाही' असं ऐकायला मिळालं तर दुसरं मत घ्यावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. खरा व्यावसायिक तो लगेच सांगतो.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

बाकी बहुतेक दारं या एका कागदाने उघडतात. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं सरकारी ओळखपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहेत, त्यांत स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर आरक्षण आणि बहुतेक योजना लागू होतात.

१. आधी आधार कार्ड नीट करा. पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक अद्ययावत झालेलं हवं आणि नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी, निदानाच्या अहवालाशी जुळायला हवं. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात, आजाराच्या पुराव्यावर फार कमी.

२. यूडीआयडीसाठीच्या स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना ऑटिझमच निवडा. अर्जाचा नोंदणी क्रमांक कागदावर लिहून ठेवा, फक्त मोबाइलमध्ये नको.

३. निवडलेल्या रुग्णालयात, बहुधा जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, तपासणीला जा. ठरावीक प्रकारांसाठी ठरावीक वार असतात. आदल्या दिवशी फोन करून वार आणि मानसोपचारतज्ज्ञ हजर आहेत का ते विचारा.

४. तपासणीत आयएसएए ही भारतीय मापनपट्टी वापरतात. ४० मुद्दे, सहा विभाग: सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा-संवाद, वर्तन, संवेदना आणि बौद्धिक बाबी. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० च्या खाली ऑटिझम धरला जात नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र.

गुण कशावर मिळतात हे आई-वडिलांना माहीत नसतं आणि तिथेच घोटाळा होतो. 'हे वर्तन आहे की नाही' असा तो प्रश्न नसून 'किती वेळा दिसतं' असा आहे. वीस टक्के वेळेपर्यंत दिसलं तर क्वचित, ऐंशी टक्क्यांच्या वर म्हणजे नेहमी. इतकी वर्षं मुलाची बाजू सावरत आलेली आई डॉक्टरांसमोरही सवयीने म्हणते, 'नाही हो, करतो सगळं, थोडं सांगावं लागतं.' ते 'थोडं सांगणं' रोज सकाळी अंघोळीपासून शर्टाच्या बटणांपर्यंत बावीस वेळा असतं. म्हणून जाण्याआधी एक आठवडा वहीत नोंद ठेवा: काय, दिवसातून किती वेळा, किती मदत लागली. मदतीशिवाय काय होतं ते सांगा. वाढवून सांगू नका. वही समोर ठेवली की वाढवायची गरजच पडत नाही.

रांगेचा गोंगाट हा वेगळाच प्रश्न. हेडफोन, पाणी, ओळखीचा खाऊ, आणि घरातल्या नेहमीच्या वागण्याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ सोबत असू द्या. काही जण नव्या जागी पूर्ण गोठतात आणि शांत दिसतात. तेव्हा व्हिडिओच बोलतो. कार्डाच्या प्रतीकडे नीट बघा. ऑटिझमऐवजी फक्त बौद्धिक अक्षमता लिहिली गेली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा, कारण पुढे परीक्षा आणि नोकरीत प्रवर्ग त्यावरून ठरतो. टक्केवारी मान्य नसेल तर अपिलाची तरतूद कायद्यात आहे. लहानपणी मिळालेलं प्रमाणपत्र मुदतीचं आहे का तेही पाहा. मुदत संपल्याचं ऐन प्रवेशाच्या वेळी कळणं ही नेहमीची तक्रार आहे.

बोलता येणाऱ्या, शिकलेल्या प्रौढांना या पट्टीवर कमी गुण मिळतात. ती बऱ्याच अंशी बाहेरून दिसणारं वागणं मोजते आणि आतला थकवा तिच्यात फारसा पकडला जात नाही. प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून निदान खोटं ठरत नाही. फक्त आरक्षणाची आणि बहुतेक योजनांची वाट बंद होते.

आणि एक भीती सर्रास दिसते: कार्ड घेतलं की मतदान जाईल, लग्न अडेल, 'वेडा' असा शिक्का बसेल. दिव्यांगत्वाच्या कार्डाने मतदानाचा हक्क जात नाही. अठरा पूर्ण झाले की मतदार यादीत नाव घाला.

पालकत्व: घ्यायचं का, कोणतं?

अठराव्या वर्षापर्यंत आई-वडील नैसर्गिक पालक असतात. त्यानंतर कायद्याने ते आपोआप राहत नाहीत. यावर तीन मार्ग आहेत आणि सरसकट सगळ्यांनी तिसऱ्यावर उडी मारू नये.

पहिला मार्ग, पालकत्व न घेणं. व्यक्तीला स्वतःचं खातं, सही, पैसे, डॉक्टरांचा सल्ला हे समजावून सांगितल्यावर कळत असेल तर तिला सज्ञान राहू द्या आणि निर्णयात साथ द्या. संयुक्त खातं, कमी रकमेचं वेगळं खर्चाचं खातं आणि एटीएमची मर्यादा यांवर बऱ्याच घरांचं भागतं.

दुसरा, मर्यादित पालकत्व. २०१६ च्या कायद्यात ते आहे: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि निर्णय व्यक्तीशी विचारविनिमय करूनच. जमीन-जुमल्याच्या एखाद्या व्यवहारापुरती अडचण असेल तर हा विचारात घ्यावा.

तिसरा, राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खालचं कायदेशीर पालकत्व. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, दोघांचेही वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, नात्याचा पुरावा एवढं जमवून ठेवा. नोंदणीकृत संस्था अर्ज करत असेल तर व्यक्तीच्या पालकांची संमतीही लागते. समितीची बैठक नियमित होतेच असं नाही. पुढची बैठक कधी ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारत राहावं लागतं.

लोक इथे एक गोष्ट विसरतात. पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. ते न दिल्याने पुढे भावंडांत वाद झाला तर पालकाची बाजू लंगडी पडते. बँकेने हे प्रमाणपत्र नाकारून न्यायालयाचा आदेश मागितला तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांकडे शाखा व्यवस्थापकाचं लेखी लक्ष वेधा. स्थानिक स्तर समितीचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे.

पैसे आणि विमा

निरामय ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वर्गणी नाममात्र. बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो, जो बाजारातल्या पॉलिसीत सहसा नसतो. अर्ज राष्ट्रीय न्यासाशी नोंदणीकृत संस्थेमार्फत करणं सोपं जातं. दावा फेटाळला जातो तो बहुतेक वेळा कागदांमुळे: थेरपीच्या पावतीवर नोंदणी क्रमांक नाही, डॉक्टरांची चिठ्ठी नंतरच्या तारखेची, पाच महिन्यांची एकच पावती. दर महिन्याची वेगळी पावती घ्या आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा.

आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतन हा सगळ्यात मोठा आधार ठरू शकतो, कारण स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकतं. आई-वडील हयात असतानाच अपत्याचं नाव आणि प्रमाणपत्र कार्यालयात नोंदवा. त्यांच्या पश्चात हेच करायला वर्षं लागतात. खासगी नोकरीतल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही पूर्ण व कायम दिव्यांगत्व असलेल्या अपत्यासाठी वयाची अट नसलेली तरतूद आहे.

उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात, उत्पन्नाचा दाखला सोबत. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो बऱ्याच ठिकाणी मार्चअखेरीस घाईत संपतो, म्हणून एप्रिल-मेमध्येच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आयकरात, जुनी करप्रणाली निवडली तर, अवलंबित दिव्यांग व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे.

घर किंवा ठेव सरळ मुलाच्या नावावर करणं प्रेमापोटी होतं आणि नंतर गोठतं, कारण ती चालवणारा कायदेशीर माणूस नसतो. नॉमिनी केला म्हणजे तो वारस झाला असंही नाही. मृत्युपत्र करा, आणि मालमत्ता मोठी असेल तर खासगी विश्वस्त निधीबद्दल वकिलाशी बोला.

शिक्षण

दहावी-बारावीच्या परीक्षेतल्या सवलती परीक्षेच्या तोंडावर मागून मिळत नाहीत. अर्ज भरतानाच शाळेने प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवावा लागतो. तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, विषयांत पर्याय हे नेहमीचे. पण ऑटिस्टिक मुलाला त्याहून जास्त उपयोगी पडतं ते वेगळी किंवा छोटी खोली, दाराजवळची जागा आणि आदल्या दिवशी केंद्र बघायला मिळणं. अर्जात हे स्वतंत्र वाक्यात लिहा. लेखनिक मिळाला तरी सराव लागतो. उत्तर तोंडी सांगणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ज्याला बोलताना शब्द सापडत नाहीत त्याला लेखनिकाने तोटाच होतो. अशा वेळी जादा वेळ घ्या, लेखनिक सोडा.

नियमित मंडळाची घाई झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच वर्षांत, नऊ संधींत, एकेक विषय करत दहावी-बारावी होता येतं. काही पालकांना हा कमीपणा वाटतो. दरवर्षी दोन विषय शांतपणे पास होणारं मूल हे नववीत वर्गाबाहेर बसणाऱ्या मुलापेक्षा कितीतरी पुढे असतं.

महाविद्यालयात सरकारी आणि अनुदानित संस्थांत पाच टक्के जागा राखीव आहेत, मात्र प्रवेश परीक्षेच्या अर्जातच दिव्यांग रकाना भरलेला हवा. प्रवेश झाल्यावर अपयश विषयामुळे क्वचितच येतं. ते येतं रिकाम्या तासात, कॅन्टीनमध्ये, बदललेल्या वर्गात आणि 'ग्रुपने प्रोजेक्ट करा' या वाक्यात. पहिल्या आठवड्यातच एका शिक्षकाला ठरवून भेटा आणि ते एक पान द्या. मागण्या छोट्या ठेवा: सूचना लेखी, गटात नेमून दिलेलं काम, तोंडी सादरीकरण फक्त शिक्षकांसमोर, रिकाम्या तासाला ग्रंथालयात ठरलेली खुर्ची.

काम

सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. म्हणजे स्पर्धा आहे आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी योग्य ठरवलंय ते जाहिरातीत बघावं लागतं. खासगी क्षेत्रातही प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण ठेवायचं असतं. मुलाखतीनंतर ते मागता येतं. मुंबईत केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे क्षमता-चाचणी आणि नोंदणी होते.

मुलाखत हा ऑटिस्टिक माणसाची परीक्षा घेण्याचा बहुधा सर्वांत वाईट मार्ग. शक्य तिथे दोन आठवड्यांचं काम करून दाखवण्याची संधी मागा. सुरुवातीला कामाचे तुकडे करून कार्ड बनवावं लागतं. 'पार्सल पॅक कर' हे एक काम नाही. ऑर्डरचा कागद घे, वस्तू मोज, आकडा जुळला तर खूण कर, जुळला नाही तर लाल ट्रेमध्ये ठेव आणि पुढचा कागद घे. तो 'जुळला नाही तर' राहून गेला की माणूस तिथेच थांबतो, आणि सुपरवायझरला वाटतं की आळस करतोय.

नोकरीत निदान सांगायचं की नाही? सोय हवी असेल तर सांगावं लागतं, पण शब्दाऐवजी गरज सांगितलेली जास्त चालते: 'तोंडी सूचना विसरतो, मेसेज केलात तर चुकत नाही.' आरक्षणातून आला असाल तर प्रश्नच नाही.

व्यवसाय प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रांत प्रवेश घेताना एकच कडक प्रश्न: मागच्या दोन वर्षांत इथून किती जण बाहेर पगाराच्या कामाला लागले? पणत्या आणि पाकिटं करत दहा वर्षं 'प्रशिक्षणार्थी' राहिलेली माणसं आहेत. दिवस आनंदात जात असेल तर तेही मोलाचं, पण मग त्याला दिवसभराचं केंद्र म्हणावं.

अचानक बिघडलं तर

नीट चाललेली व्यक्ती काही आठवड्यांत चिडू, मारू लागली, बोलणं कमी झालं, झोप उडाली, तर 'वयात येतोय' किंवा 'ऑटिझमच आहे ना' म्हणून सोडू नका. आधी शरीर तपासा: दात, कान, बद्धकोष्ठता, पोटातली जळजळ, मुलींमध्ये पाळीचं दुखणं, थायरॉइड. फिट्स पौगंडावस्थेतही सुरू होऊ शकतात. मग बदल शोधा: नवी बाई, बदललेला रस्ता, घरातलं आजारपण, कुणी केलेला छळ किंवा गैरस्पर्श. नैराश्य आणि चिंता ऑटिस्टिक तरुणांत बऱ्याच आढळतात. दारात थबकणं, घास हातात धरून बसणं, सांगितल्याशिवाय हालचालच न करणं अशी खूण दिसली तर ती कॅटॅटोनिया असू शकते, आणि मानसोपचारतज्ज्ञाला लवकर दाखवायला हवी.

रिस्पेरिडोन किंवा अॅरिपिप्राझोलसारखी औषधं चिडचिड आणि आक्रमकतेसाठी देतात, ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी नव्हेत. चालू असतील तर वजन दर महिन्याला, साखर आणि चरबीची तपासणी डॉक्टर सांगतील तशी. भूक वाढून वजन पटकन वाढतं. मनाने बंद करू नका. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही. मात्र जिवाला धोका असेल तर ११२ किंवा थेट रुग्णालय.

स्टेम सेल, शरीरातले जड धातू काढणं, ऑक्सिजनच्या बंद नळीत बसवणं असले लाखोंचे उपचार कुणी सुचवले तर पाकीट बंदच ठेवा. स्टेम सेल उपचाराची ऑटिझमसाठी शिफारस करता येत नाही असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केलेलं आहे.

सुरक्षितता

शरीर, खासगीपणा, संमती हे विषय बारा-तेरापासून साध्या शब्दांत, चित्रांसह, पुन्हा पुन्हा शिकवावे लागतात. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' एवढ्यावर मोठ्या मुलाचं भागत नाही. कोणती गोष्ट कोणत्या खोलीत, दार बंद करून, हे ठरवून द्या. डॉक्टर तपासताना अपवाद का, तेही सांगा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालीच लागू होतो, ही बाब प्रौढांच्या घरांनी लक्षात ठेवावी.

फोन हातात आल्यावर धोका पैशांचा. ऑनलाइन 'मित्र' ओटीपी मागतो, नाहीतर खातं वापरायला मागतो आणि त्यातून चोरीचे पैसे फिरवतो. विश्वासू, शब्दशः समजून घेणारा माणूस यात सहज सापडतो. यूपीआय फक्त कमी शिल्लक असलेल्या खात्याला जोडा. घडलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

माणसं, सुट्टी आणि राहण्याची सोय

पालकगट शोधताना मोठ्या मुलांचे पालक असलेला गट निवडा. चार वर्षांच्या मुलांच्या गटात तुमच्या प्रश्नांना उत्तर नसतं. मुंबईत फोरम फॉर ऑटिझम हा पालकांनी चालवलेला गट आहे. नवी मुंबईत राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, नागपुरात दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र. ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतः चालवलेले ऑनलाइन गटही आहेत; उशिरा निदान झालेल्यांना पालकगटापेक्षा ते जवळचे वाटतात. मात्र तिथे बालपणीचे घाव वारंवार उघडे पडतात, तेव्हा मर्यादा घालून वावरावं.

राष्ट्रीय न्यासाच्या योजनांत थोड्या दिवसांच्या निवासाची आणि कायम निवासाची केंद्रं येतात. समर्थ आणि घरौंदा ही नावं विचारा. सहयोगीमधून काळजीवाहकांचं प्रशिक्षण होतं. निवासी केंद्र बघायला न सांगता, संध्याकाळी जेवणाच्या वेळेला जा. स्वच्छतागृह बघा, दारांना आतून कडी आहे का ते बघा, रात्री कितीजण किती जणांमागे असतात ते विचारा, आणि राहणाऱ्यांना स्वतःची पेटी किंवा कपाट आहे का ते पाहा. कोणी भेटायला यायच्या वेळा फार कमी ठेवल्या असतील तर सावध व्हा.

पहिला मुक्काम गरज पडायच्या आधी करा: आधी एक दुपार, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा परक्या घरी झोपायची वेळ आली तर दोघांचंही हाल होतं. जिल्हा पातळीवर काम अडलं तर समाजकल्याण कार्यालय आणि त्यावर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तक्रार लेखी, तारखांसह, आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या जोडून.

भावंडांशी बोलणं बहुतेक घरांत पुढे ढकललं जातं. 'तूच बघायचंस' असं गृहीत धरण्यापेक्षा विचारा: पैशांचे व्यवहार तू बघशील का, पंधरा दिवसांतून एकदा भेटशील का, की फक्त संस्थेवर लक्ष ठेवशील? वेगवेगळी कामं वेगवेगळ्या माणसांनी घेता येतात. ज्याने जे मान्य केलं ते त्या पानामागे लिहा. मूळ प्रमाणपत्रं, पालकत्वाचा आदेश, विम्याचं कार्ड, मृत्युपत्राची प्रत हे सगळं एका फाइलीत ठेवून तिची झेरॉक्स घराबाहेरच्या निदान एका माणसाकडे द्या, आणि फाइल घरात कुठल्या कपाटात आहे ते ऑटिस्टिक व्यक्तीलाही दाखवून ठेवा.